टीव्हीचं वीजबिल

आज टीव्हीच्या प्लगला वॉटमीटर लावून बसलो होतो. मागच्या स्टिकरवरचा आकडा असतो कमाल वापराचा. रोजचा वापर बहुतेकदा त्याहून कमी भरतो. हिशोब सोपा: वॉट गुणिले तास भागिले १०००. ८० वॉटचा टीव्ही रोज ५ तास चालला तर ०.४ युनिट, महिन्याला १२.

एलईडी टीव्हीत सगळ्यात जास्त वीज खातो तो बॅकलाइट, म्हणजे पडद्यामागचा दिवा. म्हणून 'व्हिविड' मोडवरून 'स्टँडर्ड' किंवा 'सिनेमा'वर आलं की मीटर लगेच खाली येतो. मात्र सेटिंग नीट बघा: काही टीव्हींत 'ब्राइटनेस' कमी केलं की फक्त काळा रंग आणखी काळा होतो, बॅकलाइट तसाच! ओएलईडीचं गणित वेगळं, त्यात बॅकलाइट नसतो, प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो. तिथे पडदा जितका पांढरा तितका वापर जास्त.

स्टँडबायची (रिमोटने बंद, पण प्लग चालू) भीती मात्र उगाच. नवे टीव्ही त्यात साधारण अर्धा वॉट घेतात, म्हणजे दिवसरात्र धरून महिन्याला ०.३६ युनिट. 'क्विक स्टार्ट' (टीव्ही झटपट सुरू होण्याची सेटिंग) चालू असेल तर हा आकडा बराच चढतो. ते बंद करा. खरा चोर सेट-टॉप बॉक्स. रिमोटने बंद केल्यावरही तो १० वॉट ओढत असेल, तर महिन्याला ७ युनिट गेलेच. त्याला बटणवाला एक्स्टेंशन बोर्ड द्या.

ओएलईडीचा मेन स्विच मात्र लगेच बंद करू नका. रिमोटने बंद केल्यावर तो काही वेळ पॅनेलची निगा राखत असतो.