गव्हाच्या काडाचा ब्रिजिड क्रॉस

आयर्लंडचं शुभचिन्ह म्हटलं की बहुतेकांना चार पानांची क्लोव्हर ही छोटी वनस्पती आठवते. आयर्लंडचं खरं चिन्ह असलेलं शॅमरॉक मात्र तीन पानांचं असतं. घर राखण्यासाठी तिकडे दारावर लावतात तो आयरिश संत ब्रिजिडचा क्रॉस. आपल्या तोरणासारखीच त्याची जागा. विणायचा ३१ जानेवारीच्या संध्याकाळी, कारण १ फेब्रुवारी हा ब्रिजिडचा दिवस आणि तिकडच्या वसंताची सुरुवात. घर आगीपासून वाचावं, गुरं धड राहावीत, म्हणून तो गोठ्यातही टांगतात.

तिकडे पाणथळीतलं लव्हाळ्यासारखं गवत वापरतात, आणि ते कापत नाहीत, उपटतात. कृष्णाकाठी लव्हाळा मिळतो, पण त्याची काडी तिधारी, दुमडताना धारेवर चिरते. गव्हाचं काड बरं. तिकडेही काही भागांत क्रॉस काडाचेच करतात. मळणी यंत्रातून निघतो तो भुसा, त्याचा इथे उपयोग नाही. विळ्याने कापलेल्या पेंढीतलं, ओंबी आणि पहिलं पेर यांमधलं २५ सेंटिमीटरचं काड घ्या. जानेवारीत नवा गहू हिरवा असतो, म्हणून गेल्या हंगामातल्या २५ काड्या बाजूला ठेवलेल्या असाव्यात. अर्धा तास कोमट पाण्यात भिजवा, मग ओल्या फडक्यात गुंडाळा. कोरडी काडी दुमडली की तुटलीच.

एक काडी उभी धरा. दुसरी मधोमध दुमडून तिच्या कमरेत अडकवा, दोन्ही टोकं उजवीकडे. आता सगळं डावीकडे पाव फेरा फिरवा, म्हणजे उजवीकडची टोकं वर येतील. वर आलेल्या काड्यांना तिसरी काडी तशीच वेढा, टोकं पुन्हा उजवीकडे. असं वीस काड्यांपर्यंत. मधला चौकोन अंगठ्याखालून एकदाही सुटता कामा नये. तो सैल पडला तर पुढे कितीही ओढलं तरी घट्ट होत नाही. एकदा जरी उलटं फिरवलं तरी वीण मोडते, आणि ते दिसतं तीन-चार काड्यांनंतर. तेवढ्या काड्या उसवाव्याच लागतात.

शेवटची काडी आधीच्या काडीच्या घडीतून ओवा, चारही हात टोकापासून दोन सेंटिमीटरवर दोऱ्याने बांधा, टोकं सारखी कापा. सावलीतच वाळवा. वाळताना काड आक्रसतं, म्हणून दोन दिवसांनी चारही गाठी पुन्हा आवळाव्या लागतात. ओला टांगला तर बुरशी धरते.

३१ जानेवारीच्याच रात्री एक फडकं बाहेर ठेवतात, त्याचं नाव ब्रात ब्रीदे, म्हणजे ब्रिजिडचं वस्त्र. ब्रिजिड जाताजाता त्याला हात लावते अशी श्रद्धा, आणि डोकं दुखलं की ते कपाळाला बांधतात. जुना क्रॉस बऱ्याच घरांत टाकत नसत, गवती छपरात खोचून ठेवत.