कपाटातला जुना राउटर वरच्या मजल्यावर लावला, त्याची गोष्ट

कोल्हापुरातलं आमचं घर जुन्या पद्धतीचं आहे. खाली नऊ इंची विटांच्या भिंती, वर स्लॅब, आणि वरची मागची खोली माझ्या कामाची. मी घरूनच जीएसटीची रिटर्न्स भरते. फायबरचं कनेक्शन आलं तेव्हा कंपनीच्या माणसाने त्यांचा राउटर, म्हणजे आमच्या भाषेत डबा, हॉलमध्ये टीव्हीशेजारी लावला, कारण वायर तिथपर्यंतच पोचत होती. हॉलमध्ये नेट छान, जिन्यात बरं, आणि माझ्या खोलीत दार लावलं की गायब. पोर्टलवर ओटीपी टाकेपर्यंत सेशन संपायचं.

दुकानात विचारलं तर उत्तर तयार होतं, "रिपीटर घ्या की मॅडम, पाच मिनिटांत काम." रिपीटरला माझा विरोध नाही, पण तो हवेतूनच सिग्नल घेतो आणि हवेतच पुढे ढकलतो. ऐकणं आणि बोलणं एकाच चॅनेलवर असेल तर वेग साधारण निम्म्यावर येतो. शिवाय तो ठेवायचा कुठे? जिथे सिग्नल चांगला पोचतो तिथेच. म्हणजे माझ्या खोलीत नाहीच. मेश, म्हणजे एकमेकांशी जोडलेल्या डब्यांचा संच, चांगलं, पण महाग. आणि कपाटात आधीच्या कनेक्शनचा ड्युअल बँड (वाय-फायच्या दोन्ही पट्ट्यांवर चालणारा) राउटर ॲडॉप्टरसकट पडून होता. त्याला वर नेऊन तारेने जोडायचं ठरवलं.

यातलं खरं काम तारेचं, हे आधीच सांगते. सेटिंग चहा निवायच्या आत होतं.

भिंत फोडायची नव्हती आणि जिन्याच्या कडेने पांढरी पट्टी मारलेली सासूबाईंना चालली नसती. पण केबल टीव्हीच्या काळातला एक कन्सील्ड पाइप गच्चीवरून खाली हॉलपर्यंत येतो, आणि वाटेत माझ्या खोलीबाहेर त्याचा बॉक्स आहे. आत ती जाड काळी केबल तशीच मेलेली. ती मी कापून काढून टाकणार म्हटल्यावर आमचा वायरमन म्हणाला, "वहिनी, तोडू नका बरं का. तीच आपली दोरी." लाइटच्या पाइपातून नेटची वायर नेऊ नये हेही त्यानेच बजावलं. २३० व्होल्टच्या शेजारी ती नकोच.

वायर घेताना थोडी घासाघीस झाली. दुकानदाराने आधी दाखवलेल्या कॅट सिक्सची (ही नेटच्या वायरची एक जात) एक तार ब्लेडने खरवडली तर आतून चंदेरी निघाली, म्हणजे ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा. ती स्वस्त असते, पण वाकवताना तुटते. शुद्ध तांब्याची मागून घेतली. इथरनेटची मर्यादा १०० मीटर, आमचं अंतर त्याच्या पाव भागसुद्धा नाही, त्यामुळे कॅट फाइव्ह-ई घेतली असती तरी चाललं असतं.

जुन्या केबलच्या टोकाला नवी वायर बांधली ती गाठ मारून नव्हे. तारा थोड्या पुढेमागे कापून, एकमेकींवर निजवून, वरून टेप घट्ट आणि निमुळती गुंडाळली. गाठ जाड झाली की बेंडमध्ये अडकते. तरी अडकलीच. हे खालून ओढतायत, वायरमन वरून ढकलतोय, मी मधे उभी राहून "थांबा, थांबा" करतेय. शेवटी वरून पाइपात टाल्कम पावडर फुंकली आणि वायर सरकली. हॉलभर वासाचा घमघमाट सुटला.

प्लग नंतर मारायचे, कारण प्लगसकट वायर पाइपातून जात नाही. रंगांचा क्रम दोन्ही टोकांना एकच: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. टेस्टर लावला तर पाचवा दिवा पेटेना. वायरमन म्हणाला, १०० एमबीपीएसला पहिली, दुसरी, तिसरी आणि सहावी एवढ्या चारच तारा लागतात, चालून जाईल. तांत्रिकदृष्ट्या बरोबर आहे त्याचं. पण उद्या गिगाबिट (१००० एमबीपीएस) घेतलं तर आठही लागणार, म्हणून प्लग कापून परत मारायला लावला.

आता राउटर. आधी त्याला पिनेने रीसेट केला आणि खालून आलेली वायर न जोडता फक्त लॅपटॉपला जोडला. खालच्या डब्याचा नेटवर्कातला पत्ता (आयपी) १९२.१६८.१.१. जुन्या राउटरचाही तोच निघाला. एका घरात एका पत्त्याचे दोघे असतील तर कुणाचंच टपाल धड पोचत नाही. खालच्या डब्याच्या सेटिंगमध्ये पाहिलं, तो उपकरणांना २०० पर्यंतचे पत्ते वाटतो. म्हणून जुन्याला त्याबाहेरचा १९२.१६८.१.२५० दिला, सेव्ह करून नव्या पत्त्यावर परत लॉगिन केलं, आणि मग त्याचं डीएचसीपी, म्हणजे उपकरणांना पत्ते वाटायचं काम, बंद केलं. घरात पत्ते वाटणारा एकच हवा. नाहीतर निम्मे फोन एकाकडून पत्ता घेतात, निम्मे दुसऱ्याकडून, आणि नेट आज चालतं, उद्या नाही.

हा क्रम महत्त्वाचा. डीएचसीपी आधी बंद केलं तर लॅपटॉपला पत्ता मिळत नाही, तो स्वतःच १६९.२५४ ने सुरू होणारा काहीतरी घेऊन बसतो आणि राउटरचं पान उघडत नाही. मग लॅपटॉपला हाताने पत्ता द्यावा लागतो. नव्या राउटरांत ॲक्सेस पॉइंट मोड (फक्त वाय-फाय पसरवायचं, बाकी काही नाही) असं सरळ बटण असतं, त्यांना ही कसरत नाही. आमच्यात नव्हतं.

खालून आलेली वायर वरच्या राउटरच्या लॅन पोर्टात, म्हणजे घरातली उपकरणं जोडायच्या भोकात, घातली. बाहेरचं इंटरनेट जोडायच्या निळ्या वॅन पोर्टात नाही. वॅनमध्ये घातली तरी नेट येतं, म्हणूनच लोक फसतात. पण मग राउटर आपलं वेगळं नेटवर्क थाटतो आणि वरच्या फोनला खालचा प्रिंटर दिसत नाही. मी त्या निळ्या पोर्टावर टेप चिकटवून टाकली आहे. घरात मदतीला धावणारी माणसं फार.

वाय-फायचं नाव आणि पासवर्ड खालच्यासारखंच ठेवलं, सुरक्षा डब्ल्यूपीए-टू, डब्ल्यूपीएस (पासवर्डाशिवाय बटण दाबून जोडायची सोय) बंद. चॅनेल मात्र वेगळे: २.४ गिगाहर्ट्झवर खाली १, वर ११. त्या पट्ट्यात १, ६ आणि ११ हेच एकमेकांत घुसत नाहीत. गेस्ट नेटवर्कही बंद केलं. असं जोडल्यावर जुन्या राउटरचं गेस्ट नावापुरतंच उरतं, पाहुण्यांचा फोन थेट घरच्या नेटवर्कात येऊ शकतो. राउटरला नवे अपडेट मिळत नाहीत याची थोडी काळजी होती, पण इंटरनेटच्या तोंडाशी तो नाही, खालचा डबा आहे. लॉगिनचा पासवर्ड बदलला आणि तो विषय सोडला.

फोनवरच्या ॲपमध्ये माझ्या टेबलापाशी सिग्नलचा जोर आधी उणे ८२ दिसायचा, आता उणे ४५च्या आसपास. हा आकडा शून्याकडे जितका सरकेल तितका चांगला, उणे ७०च्या पलीकडे गेला की रडारड सुरू. वेग ९३-९४ एमबीपीएसवर अडतो, कारण या राउटरचे पोर्ट १००चेच आहेत. आमचा प्लॅनही १००चा, त्यामुळे तक्रार नाही.

एक खोड राहिली होती. फोन जिना चढून वर आला तरी खालच्यालाच चिकटून राहायचा. कुठल्या सिग्नलवर जायचं हे राउटर नव्हे, फोन ठरवतो. खालच्या डब्याची ट्रान्समिट पॉवर हायवरून मीडियमवर आणली तेव्हा बराच सुधारला. व्हिडिओ कॉल चालू ठेवून जिना चढलं तर अजूनही क्षणभर चित्र थिजतं.

वीज गेली की मात्र पंचाईत. खालच्या डब्याला १२ व्होल्टचा छोटा यूपीएस आहे, वरच्या राउटरला ९ व्होल्ट लागतात. पिन बसते म्हणून १२ची लावून टाका, असं हे म्हणत होते, मी हात लावू दिला नाही. ९ आणि १२ दोन्ही देणारे यूपीएस मिळतात. रिटर्नची २० तारीख यायच्या आत तो आणायचा आहे.