कवडशात सापडलेली धूळ: माउंटच्या कामाची नववी नोंद

दुर्बीण धरून फिरवणारा आधार, म्हणजे माउंट, बनवताना खोलीत साचणारी राखाडी पूड कुठून येते ते अखेर सापडलं! मागच्या तीन नोंदींत जिच्यामागे लागले होते, तीच. त्यासाठी दोन दिवस भोकं पाडणं बंद ठेवलं, खोली ओल्या फडक्याने पुसून काढली आणि एकेक टप्पा पुन्हा करून पाहिला. माझा संशय सुरुवातीपासून भलत्याच जागी होता.

काम कुठवर आलंय ते आधी सांगते. दुर्बिणीच्या माउंटच्या दोन्ही ॲल्युमिनियम पट्ट्या कापून झाल्या आहेत. पायाच्या पोलादी प्लेटला आठ भोकं पडली, त्यातली सहा अगदी रेघेवर. पितळी बुश, म्हणजे फिरता दांडा ज्यात बसतो त्या नळकांड्या, बाकी आहेत. आणि प्रत्येक कामानंतर दुसऱ्या दिवशी, ड्रिलपासून तीन मीटर लांब असलेल्या फळीवर बोट फिरवलं की बोटाचं टोक राखाडी.

मी दोष ड्रिलला देत होते, म्हणून आधी बिट, म्हणजे भोक कापणारी टोकं, बदलले. सोनेरी मुलाम्याचा तो स्वस्त सेट पोलादात तिसऱ्या भोकालाच बोथट झाला. बोथट बिट कापत नाही, घासतं, आणि घासलं की वेटोळ्यांऐवजी भुकटी पडते. त्यापेक्षा साधे एचएसएस (हाय-स्पीड स्टील) बिट घ्यावेत आणि धार लावत राहावं, या मतावर आता मी पक्की आहे. 5 मिमीच्या बिटाला पोलादात मिनिटाला 1900 च्या आसपास फेरे, 10 मिमीला त्याच्या निम्मे, आणि दोन थेंब कटिंग ऑइल. सातव्या भोकाला पहिल्यांदाच दोन्ही खाचांतून सारख्या जाडीची दोन वेटोळी स्प्रिंगसारखी वर चढत आली आणि बोटभर लांब झाल्यावर तुटून ट्रेमध्ये पडली. मी ड्रिल थांबवून ती कितीतरी वेळ बघत बसले.

तरीही दुसऱ्या दिवशी फळी राखाडीच. त्या सकाळी मी फार निराश झाले होते.

फळीवरची पूड पांढऱ्या कागदावर झाडून घेतली आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं लोहचुंबक वरून फिरवलं. साधारण निम्मी पूड उडून चिकटली, निम्मी जागची हलली नाही. म्हणजे पोलादाबरोबर ॲल्युमिनियमही होतं. पण ॲल्युमिनियममधून बिट तर चांगले जाडसर काप काढत होतं, ते तीन मीटर उडतीलच कसे?

उत्तर दिलं कवडशाने. खिडकीच्या फटीतून उन्हाची तिरीप बाकावर आली होती आणि मी ट्रे व्हॅक्यूम क्लीनरने साफ करत होते. यंत्राच्या मागच्या जाळीतून धुराची रेघ निघावी तशी धूळ त्या उन्हात वर चढताना दिसली. रात्री दिवे घालवून बॅटरी बाकाच्या कडेला आडवी ठेवली आणि प्रकाश आपल्याकडे येईल अशा बाजूने पाहिलं. अशाने एरवी न दिसणारी बारीक धूळही चमकते. मग सगळे टप्पे ओळीने केले. भोक पाडताना चार कण चमकले आणि सरळ खाली पडले. ब्रशने झाडताना थोडं धुकं उठलं. भोकाच्या कडेची बर, म्हणजे कापताना उरलेली धारदार किनार, काढायला ड्रिलमध्ये फ्लॅप व्हील (पॉलिश पेपरच्या पट्ट्यांचं चाक) लावलं आणि सगळा झोत दुधासारखा पांढरा झाला! व्हॅक्यूम सुरू केल्यावर तेच दूध खोलीभर पसरलं.

भोकाचा कीस दिसतो, टोचतो, डोळ्यात उडतो, पण जड असल्यामुळे लगेच खाली बसतो. माणसाचा केस साधारण 70 मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाड असतो. 10 मायक्रॉनच्या खालचे कण नाकाघशात न अडता पुढे जातात, 4 च्या खालचे फुप्फुसाच्या तळापर्यंत पोचतात आणि हवेत तासन्‌तास तरंगतात. साध्या व्हॅक्यूमची पिशवी ते अडवत नाही. मी ट्रे चकाचक करत होते आणि सर्वांत वाईट भाग श्वासाच्या उंचीवर उडवत होते.

दुसरी गोष्ट कळली तेव्हा पोटात गोळा आला. तेच फ्लॅप व्हील मी प्लेटचा गंज काढायला वापरलं होतं आणि तेच ॲल्युमिनियमवर. गंज म्हणजे लोहाचं ऑक्साइड. त्यात बारीक ॲल्युमिनियम मिसळलं की थर्माइटचाच, म्हणजे पेटल्यावर प्रचंड उष्णता देणाऱ्या मिश्रणाचाच, मसाला होतो, आणि पोलाद घासताना ठिणग्या उडतात. ते सगळं व्हॅक्यूमच्या, मोटर लावलेल्या पिशवीत साठत होतं. पिशवी त्याच रात्री बाहेर नेऊन रिकामी केली. यापुढे दोन धातूंना दोन ब्रश, दोन ट्रे, आणि पोलादावर वापरलेलं व्हील ॲल्युमिनियमला लागणार नाही.

मागच्या वेळी मोठा व्हॅक्यूम आणि सायक्लोन (हवा गरगर फिरवून धूळ वेगळी करणारं भांडं) घेण्याचा बेत लिहिला होता. तो रद्द. मुळात धूळच होऊ द्यायची नाही. बर काढायला हातमुठीचं काउंटरसिंक, म्हणजे भोकाची कड तिरपी कापणारं शंकूसारखं हत्यार, आणलं, तीन वेढे फिरवले की पातळ कडं सुटून येतं. लांब कडांना कानस. शेवटी पाण्यात भिजवलेला पॉलिश पेपर असं ठरवलं होतं, पण ॲल्युमिनियमची ओली पूड पाण्याशी हळूहळू हायड्रोजन सोडते, म्हणून तो गाळ झाकण घट्ट लावून ठेवता येत नाही. आणि हे लिहिता लिहिता लक्षात आलं की पट्ट्या शेवटी काळ्या रंगवायच्याच आहेत, त्यांना चकाकी हवी कशाला? रंग धरण्यापुरता ओल्या पॉलिश पेपरचा एक हात फिरवला की झालं. एक अख्खा टप्पाच गेला, फार बरं वाटलं.

फ्लॅप व्हील लावावंच लागलं तर चेहऱ्याला घट्ट बसणारा एन95 मास्क, आणि कामही उघड्यावर. चष्मा मात्र प्रत्येक भोकाला. बुबुळात रुतलेल्या लोखंडी कणाभोवती एका दिवसात गंजाचं कडं धरू शकतं, त्यामुळे डोळा न चोळता थेट डॉक्टरकडे जायचं. फिरत्या ड्रिलजवळ हातमोजे नाहीत. हवेच्या फवाऱ्याने साफसफाई तर कधीच नाही.

पितळाची काळजी वेगळी. सहज कापल्या जाणाऱ्या पितळात 3 टक्क्यांच्या आसपास शिसं असतं. ते हातावरून तोंडात जातं आणि घरात रांगणारं मूल आहे. बुशसाठी वेगळा ॲप्रन ठेवलाय, बाकाजवळ खाणंपिणं बंद, आणि मुलाला उचलण्याआधी साबणाने हात कोपरापर्यंत धुवायचे. जुन्या सामानात सापडलेली एक तांबूस, लवचीक पट्टी मात्र बाजूला ठेवली. ती बेरिलियम-तांबं (तांब्यात थोडं बेरिलियम मिसळलेला मिश्रधातू) असू शकते, आणि बेरिलियमची धूळ फुप्फुसाला कायमची इजा करते. खात्री नसलेल्या धातूला मी बिट लावणार नाही.

काल रात्री बारा भोकांची बर हाताने काढली. बॅटरीच्या झोतात जवळजवळ काही नाही, आणि आज सकाळी फळीवर बोट फिरवलं तर स्वच्छ! राहिली ती दाराची चटई. तिरप्या प्रकाशात ती अजून चमचमते, कारण बुटांच्या तळाच्या खाचांत ॲल्युमिनियमचे काप अडकलेत आणि ते चुंबकाला दाद देत नाहीत. आज दाताच्या जुन्या ब्रशने एकेक खाच साफ करते आहे. ते बूट आता खोलीबाहेर येणार नाहीत. बुश त्यानंतर.