वैनगंगेची माती कुठवर जाते

भाचा सुट्टीत पवनीला आलाय. आंध्रच्या किनाऱ्यावर काकीनाड्याकडं सर्वेक्षणाच्या बोटीवर असतो. आज त्यानं समुद्रतळाचा नकाशा दाखवला. बोटीखालून ध्वनिलहरी पंख्यासारख्या सोडायच्या, प्रतिध्वनी परतायच्या वेळेवरून खोली काढायची. पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे १५०० मीटर धावतो!

मी खिळलो ते काकीनाड्याजवळच्या होप बेटापाशी. गोदावरीच्या गाळाचा हा लांबच लांब वाळूचा दांडा, लाटा-प्रवाहांनी उत्तरेकडं वाढवत नेलेला. आपली वैनगंगा प्राणहिता होऊन सिरोंच्याजवळ गोदावरीलाच मिळते, म्हणजे त्यात आपल्या भंडाऱ्याचीही माती असणार. आता धरणांत गाळ अडतो, त्रिभुज प्रदेशाला कमी पोचतो, किनारा झिजतो. वैनगंगेवरच्या गोसीखुर्द धरणाचं पाणी आपल्याला हवंच. पण तिकडच्या कोळ्यांचं काय, हा प्रश्न डोक्यातून जात नाही.

उद्या भाच्याला शाळेत नेतोय. पोट्ट्यांनी हा नकाशा पाहायलाच पाहिजे.