घर आलं चाकांवर, अडलं संडासावर

आमच्या घराच्या मागच्या भिंतीवर, अगदी खालच्या कोपऱ्यात, दोन इंच बाय चार इंचांची एक लाल ॲल्युमिनियमची पट्टी ठोकलेली आहे. घर दोन तुकड्यांत आलं, म्हणून पट्ट्याही दोन. घर आलं त्या दिवशी आप्पा, म्हणजे माझे वडील, चष्मा कपाळावर चढवून त्या पट्टीला नाक लावून उभे होते. कराड तालुक्यात बत्तीस वर्षं तलाठी म्हणून काढलेला माणूस. कागद दिसला की वाचणार, कागद नसेल तर पत्रा.

"हा घराचा सातबारा काय रे?"

"सातबारा नाही आप्पा, जन्मदाखला."

कारखान्यात पूर्ण बांधून, लोखंडी चासीवर बसवून, रस्त्याने ओढत आणतात त्या घराला अमेरिकेत मॅन्युफॅक्चर्ड होम म्हणतात. १५ जून १९७६ पासून अशा घरांना केंद्र सरकारच्या गृहनिर्माण खात्याची, म्हणजे हडची, एकच संहिता देशभर लागू आहे. त्याआधीचं ते मोबाइल होम. (लोक अजूनही सरसकट 'ट्रेलर'च म्हणतात, आणि म्हणताना तोंड जरा वाकडं करतात.) भिंतींतल्या वायरी, नळ, छप्पर हे सगळं कारखान्यातच तपासलं जातं आणि मग ही लाल पट्टी लागते. ती हरवली तर दुसरी मिळत नाही, फक्त पडताळणीचं पत्र मिळतं.

यावरून मी असा हिशोब केला की घर आधीच पास झालेलं आहे, म्हणजे परमिटचं अर्धं काम उरकलंच. घर विकणाऱ्या सेल्समननेही "परमिटचं आम्ही बघतो" असं सांगितलं होतं. त्याच्या त्या 'आम्ही'मध्ये मीच निघालो, हे मला पाच महिन्यांनी कळलं.

आम्ही नॉर्थ कॅरोलायनात, कॅरी गावात भाड्याने राहत होतो. कॅरीतल्या घरांच्या किमती आमच्या आवाक्याबाहेर गेल्या, म्हणून पाऊण तासावर खेड्यात तीन एकर जागा घेतली. समोर सपाट मोकळं गवत, मागे थोडा चढ आणि पाइनची झाडं. घर सपाटीवर बसवायचं, हे जागा बघितली तेव्हाच ठरलं. तीन बेडरूमच्या डबलवाइडला, म्हणजे दोन अर्धी जोडून होणाऱ्या घराला, फेब्रुवारीत डिपॉझिट भरलं आणि मार्चमध्ये सेप्टिकच्या परमिटचा अर्ज केला.

हा क्रम उलटा होता. खेड्यात सांडपाण्याची सरकारी लाइन नसते. संडास-मोरीचं पाणी आपल्याच जमिनीत मुरवावं लागतं, आणि जमीन ते मुरवेल की नाही हे कौंटीचं, म्हणजे इथल्या जिल्ह्याचं, आरोग्य खातं ठरवतं. त्यांचा माणूस हाताने फिरवायचं गिरमिट घेऊन आला. चार-चार फूट खोल भोकं पाडत, निघालेली माती ओळीने गवतावर मांडत गेला, जणू सांडगे घालतोय. मग चिमूटभर माती पाण्याने भिजवून त्याने अंगठ्याने तिची पट्टी ओढली. पट्टी न तुटता जितकी लांब निघेल तितकी चिकणमाती जास्त. आमची पट्टी त्याच्या बोटावरून लोंबायला लागली.

डरहॅमपासून सॅनफर्डच्या बाजूला पसरलेलं कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या, ट्रायासिक काळातलं एक जुनं खोरं आहे. तिथली माती वरून तांबडी, साधीभोळी दिसते, पण खाली पाणी धरून ठेवणारी चिकण निघते. आमच्या सपाटीवर चौदा इंचांवरच राखाडी ठिपके लागले. राखाडी म्हणजे वर्षातले काही महिने तिथे पाणी उभं राहतं, असं त्याने समजावलं. पहिली तीन भोकं नापास. मी नुसता त्या ढेकळांकडे बघत होतो. घराचे पैसे भरलेले आणि जमीन 'नाही' म्हणतेय.

रविवारी व्हिडिओ कॉलवर आप्पांना सांगितलं तर म्हणाले, "आरं, आधी जमिनीचं बघायचं असतं. एनए न करता प्लॉट घेणाऱ्यांना मी आयुष्यभर हेच सांगितलं." स्वतःचा मुलगा त्यांच्यातच निघाला याचं त्यांना दुःख झालं की मजा वाटली, हे त्या पडद्यावरून कळलं नाही.

नशिबाने मागच्या चढावर, पाइनच्या कडेला, माती बरी निघाली. इथे घरात माणसं किती हे कुणी विचारत नाही, बेडरूम किती ते विचारतात. एका बेडरूमला दिवसाचे १२० गॅलन, म्हणजे आमचे ३६०. तेवढं पाणी मुरवायला चर खणायचे, शिवाय उद्या ते चर निकामी झाले तर दुसऱ्यांदा खणायला तेवढीच जागा राखीव ठेवायची. त्या राखीव जागेवर काही बांधायचं नाही. बोअरवेल या सगळ्यापासून १०० फूट लांब. नकाशावर हे सगळं मांडल्यावर घरासाठी जी जागा उरली ती आम्ही स्वप्नातही पाहिली नव्हती. घर चढाच्या पायथ्याला सरकलं, गाडीरस्ता लांबला आणि खडीचा खर्च जवळजवळ दुप्पट झाला.

पुढचे कागद त्या मानाने मुकाट्याने निघाले. समोरचा रस्ता राज्याचा, म्हणून गाडीरस्ता जोडायला वाहतूक खात्याचं परमिट आणि गटारीत घालायला पाइप. झोनिंगवाल्यांकडून, म्हणजे कुठे काय बांधायचं ते ठरवणाऱ्यांकडून, हद्दीपासूनच्या अंतराची मंजुरी. पत्त्याचा नंबर. मग घर बसवण्याचं बिल्डिंग परमिट, आणि वीज, प्लंबिंग, एसी यांची वेगवेगळी. साइट प्लॅन मी तीनदा काढला. एकदा तर उत्तर दिशेचा बाणच विसरलो होतो, तेवढ्यासाठी अर्ज परत आला.

ऑगस्टच्या शेवटी आप्पा आले आणि सप्टेंबरमध्ये पायाचे खड्डे खणले. काँक्रीट ओतायच्या आधी खड्ड्यांचं इन्स्पेक्शन. आदल्या रात्री पाऊस पडला. सकाळी बघतो तर प्रत्येक खड्ड्यात गढूळ पाणी आणि तळाला लोण्यासारखा चिखल. आप्पा आणि मी बादली-मग घेऊन दोन तास पाणी उपसलं, फावड्याने चिखल खरवडला. इन्स्पेक्टर वेळेवर आला, खड्डे बघून मान डोलावली आणि म्हणाला, "बसवण्याचं पुस्तक?"

घराच्या कंपनीचं पुस्तक असतं. खांब किती अंतरावर, पाया केवढा, जमिनीत अडकवायचे अँकर कुठे, हे सगळं त्यात. इन्स्पेक्टर त्या पुस्तकाबरहुकूम तपासतो, म्हणून ते जागेवर हवंच. माझं कॅरीच्या फ्लॅटमध्ये, स्वयंपाकघराच्या खणात, पिझ्झाच्या कुपन्सखाली होतं. नापास. दुसऱ्या फेरीची वेगळी फी. परतताना गाडीत आप्पा काही बोलले नाहीत. घरी आल्यावर बायकोकडून लाल कापड मागून घेतलं, सगळे कागद त्यात बांधले आणि वर सुतळीची गाठ मारली. त्या दिवसापासून दप्तर त्यांच्या ताब्यात.

घर आलं तो दिवस मात्र बघण्यासारखा होता. पुढे पिवळ्या दिव्याची गाडी, मागे 'ओव्हरसाइज लोड'चा फलक लावलेलं अर्धं घर. उघडी बाजू प्लास्टिकने झाकलेली, वाऱ्याने ती ऊसाच्या ट्रॉलीवरच्या ताडपत्रीसारखी फडफडत होती. नवी खडी खाली बसली आणि ट्रक गाडीरस्त्यातच रुतला. बुलडोझरने ओढून काढावा लागला. दोन अर्धी जिथे जुळतात त्या रेषेला हे लोक 'मॅरेज लाइन' म्हणतात. आप्पांना अर्थ सांगितला तर त्यांनी खिशातून अक्षता काढल्या. कुठून आणल्या होत्या देव जाणे. जॅक आणि रोलरवर दुसरं अर्धं इंचाइंचाने सरकत होतं आणि आप्पा या कडेला उभे राहून तांदूळ टाकत होते. कामगारांपैकी एक जण मेक्सिकोचा होता, त्याने डोक्यावरची टोपी काढली.

मग एक गोष्ट माझ्या डोक्यात शिरली. लोकल इन्स्पेक्टर घरात जवळजवळ बघतच नाही. भिंतीच्या आत काय आहे हे त्याचं काम नाही, ते कारखान्यात झालं. तो तपासतो घर आणि जमीन यांची सोयरीक. दिवसातला त्याचा बहुतेक वेळ घराखाली पोटावर सरपटत जातो. ब्लॉकचे खांब ओळंब्यात आहेत का, वरच्या पाचरी ठोकून घट्ट बसल्यात का, अँकरचे पट्टे ताणलेत का, जमिनीवर प्लास्टिक अंथरलंय का, चासीखाली बारा इंच तरी मोकळे आहेत का. आप्पा एकाहत्तर वर्षांचे, पण तेही टॉर्च घेऊन मागून आत शिरले. बाहेर आले तेव्हा शर्टाला माती आणि चेहऱ्यावर मोजणी पूर्ण झाल्याचं समाधान.

फायनल इन्स्पेक्शनला चार गोष्टी निघाल्या. दोन अर्ध्यांच्या चासी एकमेकींना जोडणारी तांब्याची वायर लावायची राहिली होती. ती नसेल तर शॉर्ट झाल्यावर एका अर्ध्याच्या लोखंडात करंट उतरू शकतो. म्हणजे मॅरेज झालं, मंगळसूत्र राहिलं. (हे माझं नाही, बायकोचं.) कपडे वाळवायच्या मशीनची गरम हवा घराखालीच सोडली होती, ती पाइपने बाहेर काढायला हवी होती. ओलसर हवा आणि कापसाचे तंतू तळाशी साचत राहतात म्हणून. मागच्या दाराबाहेर पायऱ्या होत्या, पण उभं राहायला तीन फूट बाय तीन फुटांचा चौथरा नव्हता. आणि दारावर नंबर नव्हता. रात्री ॲम्ब्युलन्स आली तर तिने घर कसं शोधायचं? हे तो इन्स्पेक्टर इतक्या शांतपणे म्हणाला की मला वाद घालायलाच सुचलं नाही.

पहिली तीन कामं दोन आठवड्यांत झाली. नंबर मी त्याच संध्याकाळी लावला, दहा डॉलरचं काम.

तरी वीज नाही. खांबावर मीटरची पेटी तयार, वायरी तयार, इलेक्ट्रिकल पास, पण वीज कंपनी कायमची जोडणी देईना. कारण राज्याचा कायदाच तसा आहे. सेप्टिकचं चालू करण्याचं परमिट हातात आल्याशिवाय घराला कायमची वीज जोडायची नाही. आणि आमचे सेप्टिकचे चर अजून उघडे होते, कारण मध्ये पुन्हा पाऊस झाला होता आणि ओल्या चिकणमातीत मशीन घातली तर माती दाबून मुरायचीच बंद होते, म्हणून ठेकेदार थांबला होता.

"म्हणजे संडास नाही तर वीज नाही?" आप्पांनी खात्री करून घेतली. मी हो म्हणालो. ते बराच वेळ हसले. मग गंभीर होऊन म्हणाले, "हा कायदा आपल्याकडे माझ्या काळात असता तर अख्खा तालुका अंधारात बसला असता."

नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात चर झाकले, आरोग्य खात्याने नकाशासह परमिट दिलं आणि चार दिवसांनी दिवे लागले. आता शेवटचं उरलं होतं. कागदोपत्री हे घर अजून गाडी होतं. मोटारवाहन खात्याकडे त्याचं टायटल, अगदी आरसी बुकसारखं. हुक, चाकं आणि धुरा काढून, कायमच्या पायावर बसवल्यावर ते टायटल खात्याकडे जमा करायचं, तसं प्रतिज्ञापत्र द्यायचं आणि ते जमिनीच्या दप्तरात नोंदवायचं. मग ते घर होतं आणि जमिनीबरोबर त्याचा कर लागतो. कर्ज देणाऱ्या बँकेलाही हाच कागद हवा होता. चाकं आणि धुरा तर घर आणणाराच घेऊन गेला होता. नोंदणीच्या खिडकीवर आप्पा माझ्याबरोबर आले. शिक्का पडताना त्यांनी मान वाकवून बघितलं आणि बाहेर आल्यावर शेरा दिला, "शिक्का बारका आहे, पण ठसा चांगला."

डिसेंबरात वास्तुशांती झाली. भटजी कॅरीहून आले, येताना रस्ता चुकले, पण दारावरचा नंबर त्यांना गाडीतूनच दिसला.

मागच्या रविवारी आप्पांनी नर्सरीतून अंजिराचं रोप आणलं. अंजीर इथे छान येतो. घरामागच्या उन्हाच्या, मोकळ्या, हिरव्यागार तुकड्यावर कुदळ घेऊन उभे राहिले आणि मी खिडकीतून ओरडलो. त्याच्याखाली सेप्टिकचे चर, अंजिराची मुळं पाण्याच्या मागे लागतात. शेजारचा तुकडा राखीव. पुढच्या बाजूला विजेची केबल, तिकडे खणायचं तर आधी ८११ला फोन करायचा. त्यांची माणसं येऊन जमिनीखालच्या वायरी-पाइपांवर लाल, निळे झेंडे रोवून जातात, त्यानंतरच कुदळ.

आप्पांनी कुदळ खाली ठेवली. आत जाऊन दप्तर आणलं, सुतळी सोडली, सेप्टिकच्या परमिटचा नकाशा गवतावर पसरला आणि चार कोपऱ्यांवर दगड ठेवले. मग हात मागे बांधून, ओठ हलवत, विहिरीच्या दिशेने पावलं मोजायला लागले.