रिपीट नॉर्मल

नवजात बाळाच्या टाचेतून घेतलेल्या रक्ताचे वाळलेले डाग हा माझा कच्चा माल. डागातून ३ मिलिमीटरची चकती पंच करायची, तिच्यातली अमिनो आम्लं आणि कार्निटीनं काढून टँडेम मास स्पेक्ट्रोमीटरला, म्हणजे रेणू वजनावरून ओळखणाऱ्या यंत्राला, द्यायची. दोन-तीन मिनिटांत एकाच चकतीतून कितीतरी चयापचय विकारांची चाहूल लागते. रॉबर्ट गथ्रींनी १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला फिनाइलकीटोन्यूरिया या जन्मजात चयापचय विकाराच्या तपासणीसाठी हा गाळणकागद रूढ केला. यंत्रं बदलली, कागद तोच राहिला आणि कागदावरचे घोळही तेच राहिले. थेंबावर थेंब टाकलेलं, ओलं असतानाच पाकिटात कोंबलेलं कार्ड समोर आलं की माझं डोकं फिरतं. डाग वाळायला तीन-चार तास द्या, हे आम्ही किती वेळा सांगायचं?

आता सांगते आहे त्या केसमधलं कार्ड मात्र देखणं होतं. डाग गोल, कागदाच्या मागच्या बाजूपर्यंत पोचलेले. त्यामुळे मुक्त कार्निटीन पार तळाला आलं तेव्हा नमुन्याला दोष देता येईना. लांब साखळीची मेदाम्लं पेशीतल्या मायटोकाँड्रियात न्यायला कार्निटीन लागतं. ते पेशीत ओढून घेणारं आणि मूत्रपिंडात परत शोषून घेणारं प्रथिन, ओसीटीएन२, जन्मतः बिघडलेलं असलं की कार्निटीन लघवीवाटे वाहून जातं. साखर उतरते, यकृत सुजतं, हृदयाचे स्नायू दुबळे होतात.

बाळाला बोलावलं. दुसऱ्या नमुन्यात कार्निटीन वाढलेलं, तिसऱ्यात जवळपास सामान्य. फाइलवर नेहमीचा शेरा पडला : ‘रिपीट नॉर्मल, फॉल्स पॉझिटिव्ह’, म्हणजे फेरतपासणी ठीक, पहिला इशारा खोटा. शेजारच्या टेबलावरचा सहकारी म्हणाला, “बाळ ठणठणीत आहे. सोड आता.”

मला तो चढता आलेख सोडवेना. बाळाचं मूत्रपिंड गळत असतं, तर नुसत्या दुधावर आकडा असा वर आला नसता. म्हणजे बाळ कार्निटीन गमावत नव्हतं, जन्माला येतानाच कमी घेऊन आलं होतं. आणि गर्भाला कार्निटीन मिळतं ते वारेतून, आईकडून.

आईचं रक्त आणि लघवी मागवली. “तपासणी बाळाची आहे ना? मग माझं रक्त कशाला?” असं तिने विचारलं, आणि ते रास्तच होतं. काही त्रास होतो का विचारल्यावर हसली. “थकवा कोणाला नसतो, मॅडम?” रक्तात कार्निटीन नावापुरतं, लघवीत भरपूर. एक वरिष्ठ डॉक्टर म्हणाले, गरोदरपणात ते कमी होतंच. खरं आहे, साधारण निम्म्यावर येतं. पण निम्म्यावर येणं वेगळं आणि संपत येणं वेगळं. शिवाय बाळंतपणानंतर ते सावरायला हवं होतं, तिचं सावरलं नव्हतं.

मग जनुक तपासणी. ओसीटीएन२ बनवणाऱ्या एसएलसी२२ए५ जनुकात दोन बदल सापडले : एक ओळखीचा, दुसऱ्यापुढे ‘अर्थ अनिश्चित’. हा शेरा वाचून हात झटकणाऱ्यांचा मला राग येतो. दोन्ही बदल जनुकाच्या एकाच प्रतीवर असतील तर दुसरी प्रत शाबूत, आणि बाई फक्त वाहक. दोन वेगळ्या प्रतींवर असतील तर बाई आजारी. उत्तर बाळाच्या कार्डात पडून होतं. बाळाला आईकडून जनुकाची एकच प्रत मिळते, आणि त्याच्याकडे तिच्या दोन बदलांपैकी एकच आला होता. म्हणजे प्रती वेगळ्या. अनिश्चित बदलाचा निकाल लावायला तिच्या त्वचेच्या पेशी वाढवल्या. त्यात आठवडे गेले. बुरशी लागली की सगळं पहिल्यापासून, म्हणून त्या काळात इन्क्युबेटरला मी दुसऱ्या कोणाचा हात लागू दिला नाही. शेवटी माग काढता येईल अशी खूण लावलेलं कार्निटीन दिलं, तर पेशींनी ते जवळपास घेतलंच नाही.

तिचं हृदय आज ठीक आहे. औषध साधं आहे, तोंडाने घ्यायचं कार्निटीन. अंगाला माशासारखा वास येऊ शकतो, एवढीच तिची कुरकुर. उत्तर अटलांटिकमधल्या फेरो बेटांवर हा विकार साधारण ३०० जणांत एकाला आहे. तिथे तरुण माणसं अचानक दगावली तेव्हा तो ‘लहान मुलांचा’ उरला नाही. याउलट, कसलंही लक्षण न दिसता आयुष्य काढणारेही आहेत, आणि नेमकं तेच मला अडवतं.

कारण आमच्या कपाटात ‘फॉल्स पॉझिटिव्ह’ शेऱ्याच्या जुन्या फाइली आहेत. काहींतलं कार्निटीन असंच चढलेलं. त्या आयांना आता फोन करायचा का? संमतीपत्र बाळापुरतं आहे. धडधाकट बाईला एकाएकी हृदयाची धास्ती घालायची, की गप्प राहायचं? सहकाऱ्याचं मत पक्कं आहे, आपलं काम बाळाशी. माझं तसं नाही, पण प्रत्येक फाइल उघडताना ते डळमळतं. नैतिक समितीकडे अर्ज दिला आहे. पहिल्याच बैठकीत तासभर चर्चा झाली ती फोन कोणी करायचा यावर.

तोवर हातात होतं ते केलं : कार्निटीन कमी आलं की फेरतपासणीच्या अर्जावर आईच्या नमुन्याचीही ओळ असते. विभागप्रमुखांना तो जादा खर्च वाटतो.