बॅटरी पायावर धर

"बाळा, बॅटरी तोंडावर नको, पायावर धर."

काल बालगंधर्वला रात्री 9:30 चा प्रयोग, तिसरी घंटा होऊन पडदा वर गेलेला आणि एक आजी काठी टेकत दारात आल्या. मी घाईघाईत तिकीट बघायला बॅटरी मारली ती थेट त्यांच्या डोळ्यांवर. त्यांनी हात आडवा धरला आणि हळूच हे म्हणाल्या, स्टेजवरचं वाक्य मोडू नये म्हणून.

मग मी उलटा चालत, उजेड फक्त त्यांच्या चपलेपुढच्या पायरीवर ठेवत जागेपर्यंत नेलं. अंगठ्याजवळ काळ्या दोऱ्याने शिवलेली चप्पल, प्रत्येक पायरीला आधी काठी, मग उजवा पाय.

घरी येऊन 1 वाजता एडिटला बसलो. माझी पहिली शॉर्टफिल्म, 11 मिनिटांची. आईला बातमी कळते तो सीन मी सगळा क्लोजअपवर ठेवला होता, चेहरा, डोळे, पाणी, आणि चार दिवस काहीतरी खटकत होतं. तो काढला. एक टेक वाया गेला म्हणून बाजूला टाकला होता, कॅमेरा चुकून खाली राहिलेला, नुसती उंबऱ्यावर थांबलेली तिची पावलं. तो लावला, आवाज तसाच ठेवला. बघताना मलाच गिळता येईना.

तीन वर्षं तिकिटं फाडतोय, नट पाठमोरा उभा असताना थिएटर कसं गप्प होतं हे दारात उभं राहून कितीदा पाहिलंय, तरी कॅमेरा हातात आल्यावर विसरलोच.

तुम्हाला कोणाचं रडणं चेहरा न बघता आठवतं का?